सोसण्याचं कौतुक पुरे

परवा एका व्याख्यानात ऐकलं, की कॅन्सरच्या उपचारात तोंड येतं ही किरकोळ बाब आहे. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंगात उष्णता वाढते म्हणून तोंड येतं, तुरटीच्या गुळण्या कराव्यात, वेदनाशामकांची सवय लागते म्हणून ती टाळावीत, आणि दुखतंय याचा अर्थ उपचार लागू पडतोय, तेव्हा सोसावं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे त्या रात्री ठेचा-भाकरी खाऊ शकणारे होते.

उष्णतेचं आधी उरकतो. केमो आणि रेडिएशन झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. तोंडातलं अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून तेही सापडतं. गाठ विरघळो न विरघळो, तोंड सोलवटतंच. तेव्हा वेदनेवरून उपचाराचं यश मोजणं बंद करावं. तुरटीबद्दल एवढंच, की सोलवटलेल्या जागी ती वक्त्यांनी स्वतः लावून पाहावी.

आता त्या ‘सोसावं’कडे येऊ. डोक्या-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे चालतं, आठवड्याचे पाच दिवस. तोंड सोलवटायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे निम्म्याहून अधिक उपचार बाकी असताना. आधी भाकरी सुटते, मग भात, मग पाणी. स्वतःची थुंकी गिळायची म्हटली तरी डोळ्यांत पाणी येतं. वजन उतरतं. रेडिएशनसाठी चेहऱ्याच्या मापाने बनवलेला प्लास्टिकचा मास्क ढिला पडतो आणि कधीकधी तो पुन्हा करून सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं की सलाइन, भरती, बुडालेले दिवस. मधे खंड पडला, की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला सवड मिळते. म्हणजे सोशिकपणाचा फायदा झालाच, तर तो गाठीला होतो! आणि हे सोसणं आपल्याकडे वाटून कुणाला दिलेलं असतं? घरातल्या बाईला. ‘काकूंनी हूं की चूं केलं नाही’ हे प्रमाणपत्र तिला मिळतं. नर्सने विचारलं की ती ‘बरं आहे’ म्हणते, कागदावर ‘बरं आहे’ लिहिलं जातं, आणि औषध काही मिळत नाही.

सवय लागण्याचा वाद तर मी अनेक लग्नांच्या पंगतीत घालून बसलोय. मॉर्फिन म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातला व्यसनी येतो. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते मिळणं इतकं अवघड केलं, की 2014मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यापुरतं घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं विरळा. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, त्याचं औषध सोबत घ्यावं. पण पोट साफ न होण्यावर कोण व्याख्यान देणार?

वक्त्यांच्या बाजूचा बरा मुद्दा त्यांना सुचलाच नाही, म्हणून मीच देतो: डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये मधाचा उपयोग होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. फक्त लाळ आटलेल्या तोंडात ती साखर दातांना लागते, एवढं ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय? उपचाराआधीच दात तपासून घ्यावेत. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या कराव्यात. ब्रश अगदी मऊ घ्यावा. जाहिरातीतली झोंबणारी, अल्कोहोलवाली माउथवॉश नकोत. दुखण्याचं औषध जेवणाआधी अर्धा तास. नाचणीची गार पेज, तूप घालून मऊ भात, गाळलेलं वरण. ताक झोंबलं तर सोडून द्यावं, पौष्टिक असलं तरी. काही केमोंमध्ये औषध चढवताना बर्फ चघळल्याने तोंड कमी येतं, पण सगळ्यांत नाही, म्हणून आधी विचारावं. नाकातून नळी घालायची वेळ आली तर ‘आता संपलं’ म्हणून रडू नये. खाता यायला लागलं की बहुतेकांची ती निघते. जिभेवर पांढरे थर दिसले तर बुरशीचं औषध लागेल. ताप आला किंवा पाणीही गिळेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला फोन करावा.