काटकसर कुणाच्या पानातली?

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा आमच्या आमटीत पुन्हा आमसूल पडू लागले आणि मला आईची आठवण झाली. महिन्याचा किराणा भरण्याआधी ती सगळे डबे उघडून पाही, मगच यादी करी. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की मटकी, चवळी भिजत पडे. दोडक्याच्या शिरांची चटणी होई, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा. तिच्या टुकीच्या संसाराचे आम्हांला केवढे कौतुक! पण सर्वांची जेवणे उरकल्यावर पातेल्यात उरेल त्यावर ती भागवी, हे कुणाच्याच हिशेबात आले नाही.

आठवड्याचा बेत आधी ठरवावा, कडधान्ये वापरावीत, उरलेले टाकू नये, हे सारे आजही खरेच आहे. मात्र बेत ठरवताना घरातल्या बाईचे पानही मोजले पाहिजे. ते वगळून शिल्लक पडत असेल, तर तिला काटकसर कसे म्हणायचे? आता आमच्याकडे सगळे एकदमच जेवायला बसतो. आमटी कमी असली, तर सर्वांनाच थोडी कमी मिळते.