माहेर नसलेले बेट

'मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस' रत्नागिरीवरून रोज जाते. भूगोलाच्या तासाला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "ही गाडी समुद्रावरून जाते का हो?" नाही जात. ती एर्नाकुलमला पोहोचते आणि तिथेच थांबते. पुढचा प्रवास जहाजाने किंवा अगत्ती बेटावर उतरणाऱ्या विमानाने करायचा. पाच माणसांचे विमानभाडे आम्हा शिक्षकांच्या खिशाला झेपणारे नव्हते, म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही जहाजाने गेलो. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सत्तरी गाठलेल्या अम्मी.

आधी कामाचे सांगून टाकतो, कारण गेल्या दोन महिन्यांत बऱ्याच वाचक भगिनींनी तेच विचारले आहे. लक्षद्वीपला तिकीट काढले आणि निघाले, असे होत नाही. बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, तोही सुटीच्या बराच आधी मागावा लागतो. जहाज कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटते. पाच दिवसांच्या सहलीत रात्री जहाजावर काढायच्या आणि दिवसा एकेक बेट पाहायचे. मळमळीच्या गोळ्या सोबत ठेवाच. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मुलांच्या खिशात जाऊ देऊ नका. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि परतताना सामान तपासले जाते. आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी अर्धी चड्डी भरून पांढरे तुकडे गोळा केले होते. ते परत किनाऱ्यावर ओतताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

लक्षद्वीपची सगळी बेटे मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. छत्तीस बेटांपैकी वस्ती दहांवर, आणि 2011 च्या जनगणनेत एकूण माणसे 64,473. त्यांतले शेकडा 96 हून अधिक मुसलमान. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे खाण्यापिण्याची काळजी नाही!" ती खरेच नव्हती. भात, नारळाच्या रसातला कुप्प्याचा रस्सा, पुन्हा भात. जहाजावर मात्र किब्ल्याचा घोळ झाला. नमाजला उभे राहावे तर जहाज वळलेले असायचे. शेवटी अम्मींनी एका खलाशालाच गाठले. तो हसला आणि पाचही वक्त येऊन दिशा दाखवू लागला.

कवरत्तीची उजरा मशीद पाहिली. तिच्या लाकडी छतावरचे कोरीवकाम मान मोडेपर्यंत पाहात राहावे असे आहे. मिनिकॉयला 1885 सालचा दीपस्तंभ आहे. तिथली महल ही भाषा मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण, आणि तिची थाना लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे चालते. त्या लिपीतली पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. भाषा मात्र सिंहलीच्या कुळातली, म्हणजे दूरच्या नात्याने आपल्या मराठीची चुलत बहीण. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या घराला याहून मोठी मेजवानी कोणती? पण या दोन बेटांवर लिहायला बसलो तर पाने पुरणार नाहीत, आणि सांगायचे आहे ते तिसऱ्या बेटाचे.

ते कल्पेनी. जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. समुद्रातच छोट्या होडीत उतरावे लागते. अम्मींना दोघा खलाशांनी दंडाला धरून अलगद उतरवले. होडी आत शिरली आणि पाण्याचा रंग इतका बदलला की मुले बोलायचीच थांबली. बाहेर निळेशार, आत हिरवट काचेसारखे. प्रवाळाच्या कड्यामुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. समोर तिलक्कम आणि पिट्टी ही चिमुकली बेटे. पूर्वेच्या किनाऱ्यावर मात्र प्रवाळाच्या दगडांचा लांबच लांब बांध दिसतो. 1847 च्या वादळाने समुद्रातून उचलून टाकलेले हे दगड, असे तिथले लोक सांगतात. मुले पाण्यात गेली. अम्मींनी सलवार घोट्याच्या वर धरून पाण्यात पाय बुडवले आणि तासभर तशाच बसून राहिल्या. आम्ही त्यांना एवढा वेळ काहीही न करता बसलेले प्रथमच पाहिले.

दुपारच्या जेवणाच्या जागी एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. मुलांना हिंदी शिकवण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. कल्पेनीच्या मुलींनीच या बेटांवर पहिल्यांदा विरोध पत्करून शाळेची पायरी चढली, असे सांगतात. त्यांना ते विचारले तर त्या अभिमानाने मान डोलावून म्हणाल्या, "आमच्या अम्मांच्या पिढीचे काम ते." मग आम्हाला घरी घेऊन गेल्या. माडांच्या सावलीतले जुने, लांबलचक घर. पडवीत तीन बायका काथ्या वळत बसल्या होत्या. एक त्यांची बहीण, एक मावशी, एक भाची.

अम्मींनी सवयीने विचारले, "हे तुमचे सासर का?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. अम्मींनी फोड करून सांगितले, "म्हणजे लग्न होऊन तुम्ही या घरात आलात का?"

"लग्न होऊन? मी इथेच जन्मले. कुठे जाणार?"

"मग माहेर कुठे?" आम्ही 'मायका' असा उलथा करून दिला. बाईंनी पुन्हा बहिणीकडे पाहिले. दोघी मल्याळममध्ये काहीतरी बोलल्या आणि हसल्या. "मायका म्हणजे आईचे घर ना? हेच. दुसरे कशाला असेल?"

अम्मी गप्प झाल्या. ज्या शब्दावर आपल्याकडच्या बायकांचे अर्धे आयुष्य टांगलेले असते, तो त्या बाईला समजावूनही समजत नव्हता.

ही रीत आम्ही पुस्तकातून थोडीफार ऐकून होतो. लीला दुबे या समाजशास्त्रज्ञ मूळच्या मराठी घरातल्या, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. कल्पेनी बेटावरच्या अभ्यासातून त्यांचे 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' हे पुस्तक 1969 मध्ये आले. मातृवंश आणि इस्लाम एका घरात कसे नांदतात, हा त्याचा विषय. इथे घराण्याला तरवाड म्हणतात आणि ते आईकडून चालते. मुले आईच्या तरवाडाची, माणसाच्या नावाआधी घराचे नाव लागते तेही आईच्या घराचे. जुन्या रीतीप्रमाणे नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी, आपल्या कामाला परत जायचा. पुरुष महिनोन्महिने शिडाच्या जहाजांतून काथ्या आणि खोबरे घेऊन मलबारच्या किनाऱ्याला जात. घर, माड आणि मुले सांभाळणारी बाई आपल्या घरातून हलली नाही, यात नवल काय?

तिथे मिळकतीलाही वार आहेत! शुक्रवारची मिळकत म्हणजे तरवाडाची वडिलोपार्जित जमीन. ती वाटली जात नाही, आईकडून लेकींच्या वंशात राहते. सोमवारची मिळकत म्हणजे माणसाने स्वतः कमावलेली, आणि तिची वाटणी शरीयतप्रमाणे. दोन्ही व्यवहार शेजारी शेजारी शेकडो वर्षे चालत आले. नमाज, रोजे, निकाह, मेहर सगळे आपल्यासारखेच.

हे वाचून कुणी बेटाला बायकांचे राज्य समजू नये. तरवाडाचा कारभार पाहणारा कारणवर हा पुरुषच, बहुधा थोरला मामा. बाईंनी स्वतःच सांगितले की आता तरुण जोडपी वेगळे घर बांधतात, पगारातून घेतलेली सोमवारची मिळकत वाढते आहे आणि शुक्रवारच्या माडांवरून कोर्टकज्जेही होतात. शुक्रवारची रीत शरीयतच्या वाटणीशी जुळते का, हा वाद तिथल्या आलिमांमध्येही जुनाच आहे. आम्हाला त्यात न्यायनिवाडा करायचा नाही. आमच्या मनात त्या वेळी आमच्याच घरचा कागद घोळत होता.

अब्बा मरहूम होऊन आता दीड वर्ष झाले. गावाकडे घर आहे, विहीर आहे, बारा-चौदा कलमे आहेत. वारस म्हणून अम्मी, आम्ही, धाकटा भाऊ आणि थोरल्या आपा. दिवाळीनंतर आपांनी दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, असे ठरल्यासारखे होते. कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. आपल्याकडे करतातच, म्हणून करायचे. आपा स्वतःच म्हणाल्या होत्या, "मला काय करायचेय? माझे माहेर राहू दे म्हणजे झाले."

परतीच्या रात्री जहाजाच्या डेकवर मुलीने वहीचे पान फाडून घेतले. बाईंच्या घरात ती सगळे ऐकत होती. तिने विचारले, "आपल्याकडे सगळी सोमवारचीच मिळकत ना? मग फुफूचा किती वाटा येतो?" तिच्या शाळेत अपूर्णांक झालेले आहेत, मदरशात सूरह निसाही झालेली आहे. तेव्हा टाळता येईना. अम्मींचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे पाच भाग, त्यांतले दोन-दोन भावांचे आणि एक बहिणीचा. तिने छेद समान केले. चाळीस भागांतले पाच दादीचे, चौदा आमचे, चौदा चाचांचे, सात फुफूचे. बेरीज करून पाहिली, बरोबर आली. मग पेन्सिल दातांत धरून म्हणाली, "फुफू सात भाग सोडणार आणि त्याच्या बदल्यात ईदला इथे येणार. पण येण्याचे तर पैसे लागत नाहीत ना?"

आमच्यापैकी कुणीच बोलले नाही. वाऱ्याने पान उडू नये म्हणून अम्मींनी त्यावर तसबीह ठेवली.

आपल्या घरांतून मुलींना वारसा नाकारला जातो, असे म्हटले की लगेच सगळे रागावतात. नाकारतो कोण? बहिणी आपखुशीनेच सोडतात! खरेच सोडतात. पण कशाच्या भीतीने सोडतात, हे आम्ही त्या वहीच्या पानापर्यंत विचारले नव्हते आणि आसपासच्या घरांतही कुणी विचारताना ऐकले नाही. वाटा मागितला तर भाऊ तुटेल, भावजयीचा चेहरा बदलेल, बाळंतपणाला, आजारपणाला, नवऱ्याशी भांडण झाले तर जायला दार उरणार नाही. म्हणजे माहेर हे दर ईदला नव्याने विकत घ्यायचे, आणि किंमत म्हणून आपला ठरलेला हक्क मोजायचा. कल्पेनीच्या बाईला माहेर हा शब्द कळला नाही, कारण तिच्या दारावर तिचेच नाव होते.

धाकट्या भावाची बाजूही लिहिली पाहिजे. 2020 साली निसर्ग वादळात कौले उडाली तेव्हा छप्पर त्याने पदरच्या पैशाने घातले. कलमांची राखण तोच करतो. तो म्हणाला, "वाटे करायचे तर माझा खर्च कोण धरणार?" प्रश्न रास्त आहे. खर्च आधी वळता करून मग वाटे घालावेत, असे आम्ही सुचवले. त्यावर तो अजून हो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही. त्याच्या घरून फोन जरा कमी येतात, इतकेच.

अम्मींचे मात्र ठरले आहे. कोचीला उतरताच त्यांनी फोन लावून सांगितले, की त्यांच्या हयातीत ते हक्कसोडपत्र होणार नाही. आपा फोनवर रडल्या, आणि आधी घाबरून रडल्या. भावांनी भांडण काढले की काय, असे त्यांना वाटले. समजूत पटायला आठवडा गेला. आता तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज चार नावांनी दिला आहे.

परवा आपांचा पुन्हा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "सात भागांत ती विहिरीकडची खोली बसते का रे, तेवढे बघा. लग्नाआधी मी तिथे निजायचे."