नाडा थोडा सरकवा

पूर्वी दावणीला एकच बैल असला, की शेतकरी तसाच दुसरा गाठून सावड करी. आज तुझं रान, उद्या माझं. त्यातून जुळलेली दोस्ती बैल विकले तरी तुटत नसे. आता ट्रॅक्टर आला. तरी जुना सावडकरी चहाच्या घोटासाठी बांधावर टेकतोच.

सारख्या ताकदीचे दोन बैल क्वचितच मिळतात. मग जाणता औतकरी जुवावरचा नाडा जोरकस बैलाकडे बोटभर सरकवतो. जास्त ओढ त्याच्यावर पडते, दुसऱ्याला हलकं जातं, तास सरळ निघतं.

संसाराचंही तेच. एका आजोबांना विचारलं, "पन्नास वर्षं कशी निभावली?"

"हिनं ओढलं, मी शेपूट हलवली."

आजी चुलीपुढून म्हणाल्या, "शेपूट कसली? नुसती मान हलवली!"

पण हल्ली आजींचे गुडघे धरलेत, तर पाण्याची घागर आजोबाच आणतात. जोरकस कोण, हे दिवस बदलतील तसं बदलतं.

तेव्हा आज घरात कोण दमलंय ते बघा अन् नाडा सरकवा. जमल्यास जुन्या सावडकऱ्याकडेही एक चक्कर मारा.