आपल्या पावसाची झाडे लावा

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. ही हौस चांगलीच आहे. झाडांची निगा राखताना शरीराला हालचाल होते, मनही रमते. परंतु रोप निवडताना आपण फुलाचा रंग आणि किंमत पाहतो. त्याला पाणी किती लागेल, हे विचारत नाही. वरवर हा बागकामाचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो आरोग्याचाही आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. महाबळेश्वरला याच्या जवळजवळ दहापट पडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. अशा हवेत अरेका पाम, अँथुरियम, नेचे अशी दमट हवेतली झाडे कुंडीत जगवायची म्हणजे रोज पाणी घालणे आले. नळ मात्र काही दिवसांआड येतो. मग झाडांसाठी वेगळे पिंप भरून ठेवले जाते, कुंडीखाली पाणी धरणारी बशी येते आणि खिडकीत बाटलीतला मनीप्लँट येतो.

डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला नेमके हेच हवे असते. तो गटारापेक्षा घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी घालते. ही अंडी कोरडी राहिली तरी काही महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडाही घासावी लागते.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आम्ही डॉक्टर मंडळी सांगतो. ते योग्यच आहे. पण वीस कुंड्यांच्या वीस बश्या दर आठवड्याला घासणारे घर मी क्वचितच पाहिले आहे. त्यापेक्षा साठवलेल्या पाण्यावर जगणारी झाडे कमी करावीत, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पर्याय भरपूर आहेत. कोरफड, सदाफुली, बोगनवेल, पारिजातक, अडुळसा, सीताफळ आणि शेवगा ही झाडे एकदा जमिनीत रुजली की आपला उन्हाळा सोसतात. शेवग्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाला उपयोगी पडणारे घटक असतात. शेंगांसोबत पाल्याचीही भाजी करावी. मोठी जागा असेल तर कडुलिंबासारखी सावली नाही. कढीपत्ता, मोगरा आणि लिंबू यांना थोडे जास्त पाणी लागते. ती न्हाणीजवळ लावावीत आणि भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्यांना रोजच्या रोज घालावे, साठवू नये.

मात्र कमी पाण्यावर टिकते ते सारेच चांगले, असे नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दुष्काळातही फुलते. पण तिच्या बिया हृदयाला घातक असतात आणि थोड्या खाल्ल्या तरी जिवावर बेतू शकते. लहान मुलांच्या घरात ती नकोच. परदेशातून आलेला कोनोकार्पसही झपाट्याने हिरवा होतो. परंतु गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पर्यावरणाबरोबरच त्याच्या परागकणांमुळे होणाऱ्या सर्दी, खोकला, दमा या तक्रारींची कारणे त्यावेळी दिली गेली. नगरपालिकांनी आणि शाळांनी रोपे वाटताना याचा विचार जरूर करावा.

लागवडीसाठी खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, त्यात शेणखत मिसळून भरावा आणि एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. बुंध्याशी पालापाचोळा पसरला की ओल टिकते. पहिले एक-दोन उन्हाळे मात्र त्याला पाणी देऊन जपावे लागते.

आणि रोपवाटिकेत गेलात की किमतीआधी एक प्रश्न विचारा : रुजल्यावर उन्हाळ्यात याला किती दिवसांनी पाणी लागेल? उत्तर 'रोज' असे आले, तर ते रोप तिथेच राहू द्या.