जुनी गाडी घ्या, पण दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवून

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. ठाण उलगडून बोटांनी चुरगाळून पाहिल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. पण दुकानासाठी जुनी डिझेल गाडी घेतली, तेव्हा वरची चमक पाहूनच पैसे मोजले. विकणारा म्हणाला, ‘सगळे काम झालेले आहे.’ बिल मात्र एकाही कामाचे नव्हते. चार महिन्यांनी अमरावतीहून माल आणताना टायमिंग बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले आणि ऐन लग्नसराईत गाडी तीन आठवडे मिस्त्रीकडे पडून राहिली. यात विकणाऱ्याचा दोष थोडा, आमचा जास्त.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्या कामाची नोंद नाही, ते झालेच नाही असे धरावे. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. मीटर मागे फिरवता येतो. गाडीच्या किमतीबरोबर दुरुस्तीची रक्कमही आधीच वेगळी काढावी. ती निघत नसेल, तर तो सौदा आपल्याला परवडणारा नाही.

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल आणि ऑइल, एअर, डिझेल हे तिन्ही फिल्टर बदलावेत. डिझेल इंजिनात नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काजळीने काळे पडते, म्हणून रंगावर जाऊ नये. मात्र ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजून गाडी उभी करावी. डिझेलमध्ये पाणी राहिले तर पंप आणि इंजेक्टर गंजतात, आणि खर्चात पाडणारे भाग हेच. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी चालत नाही, कूलंटच हवे. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो टेन्शनरसह बदलून घ्यावा.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे किंवा धारणीच्या बाजाराला जाणाऱ्यांनी ब्रेककडे आधी पाहावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. असे जुने ऑइल घाटाच्या उतारावर तापून उकळले, की पायाखालचा ब्रेक लागत नाही. येथे प्रश्न पैशाचा नाही, गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे.

आपल्या अचलपूरची शकुंतला आठवा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, कारण त्याची देखभाल करणारे हात होते. पुढे डिझेल इंजिन आले, पण रुळांची दुरुस्ती रखडत गेली, वेग मंदावला आणि शेवटी गाडी बंद पडली.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की, मिस्त्रीची मजुरी घासाघीस करून कापू नका, त्याला कामासाठी पुरता दिवस द्या. उधारीच्या वहीशेजारी गाडीचीही एक वही ठेवा. त्यात तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च लिहा. पुढे गाडी विकाल, तेव्हा ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या. आम्हाला ती मिळाली नव्हती.