प्रकृतीची प्रश्नावली : समूहात व चिकित्सालयात

कंपन्या, महाविद्यालये, गृहनिर्माण संस्था अशा ठिकाणी प्रकृती-परीक्षणाची शिबिरे आता सर्रास भरतात. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२४ च्या अखेरीस राबविलेल्या देशव्यापी अभियानात तर एक कोटीहून अधिक नागरिकांची प्रकृती नोंदविली गेली. आयुर्वेदाच्या प्रसाराच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. समूहात बसून प्रश्नावली भरण्याचा एक लाभ आम्ही अनेकदा पाहिला आहे. साबुदाण्याच्या खिचडीने एकाला दिवसभर जडपणा येतो आणि शेजाऱ्याला दोन तासांत पुन्हा भूक लागते, हे परस्परांच्या तोंडून ऐकले की पथ्य प्रत्येकाचे वेगळे का, हे वैद्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अडचण पुढे सुरू होते. प्रश्नावली विचारते ती आजची भूक, आजची झोप, आजचे वजन. प्रकृती मात्र गर्भाधानकाळी ठरते. थायरॉइडचे कार्य मंदावलेली स्त्री वजन वाढते, झोप फार येते, हालचाल मंद झाली आहे, थंडी सोसत नाही अशी उत्तरे प्रामाणिकपणे देते आणि 'कफप्रधान' अशी चिठ्ठी घेऊन घरी जाते. वस्तुतः तिने सांगितली ती विकृती. चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्ष्य भाव सांगताना प्रकृतीच्या लगेच पुढे विकृतीचा निर्देश केला आहे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि शिबिरात विसरतो. अशा चिठ्ठीमुळे निदान सहा महिने लांबले, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

मनाविषयीच्या प्रश्नांची गत याहून नाजूक आहे. वरिष्ठ अधिकारी शेजारच्या खुर्चीवर असताना 'राग लवकर येतो का?' या प्रश्नाला होकार कोण देईल? युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावर आधारलेल्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीत व्यक्तिमत्त्वाचे १६ प्रकार आहेत. (शारीरस्थानातील सत्त्वभेदही सोळाच, हा योगायोग व्याख्यानात टाळ्या मिळवून देतो, त्यापलीकडे त्यास अर्थ नाही.) नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नये, असे तिच्या प्रकाशकांनीच स्पष्ट केले आहे. आपल्याकडे मात्र एखादा व्यवस्थापक पित्तप्रकृतीच्या कर्मचाऱ्यांची यादी मागतो आणि आपलेच वैद्यबंधू ती देतात! ही वैद्यकीय माहिती आहे. ती त्या व्यक्तीखेरीज कोणाच्याही हाती जाता कामा नये.

औषधी विक्रेत्यांना आमची स्वतंत्र विनंती आहे. शिबिराची चिठ्ठी पाहून 'वातप्रकृतीचा संच' काढून देणे विक्रीला सोयीचे खरे, पण ती चिठ्ठी म्हणजे औषधयोजना नव्हे. चिठ्ठीवर दिनांक, परीक्षकाचे नाव आणि 'प्राथमिक नोंद. नाडी व प्रत्यक्ष परीक्षण आवश्यक' एवढा मजकूर छापावा, ही सूचना आम्ही संघटनेच्या आगामी बैठकीत मांडणार आहोत. ज्यांच्याकडे शिबिरांचे छापील नमुने असतील त्यांनी ते सोबत आणावेत.