आजीची जांभळी इरकल

एक कबुली देऊन टाकतो. मला फिल्टरचं जाम व्यसन आहे, आणि तेही कमांड लाइनवरचं. बाकी पब्लिक अॅपमध्ये बोटं फिरवत बसतं. मी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतो, एंटर मारतो, आणि चहा येईपर्यंत अख्खा व्हिडिओ रंगून तयार!

ही सगळी जादू एफएफएमपेगची. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2000 साली सुरू केलेलं, चक्क फुकट सॉफ्टवेअर. 'एजडिटेक्ट' फिल्टर 'कलरमिक्स' मोडमध्ये लावा, माणसं कार्टूनसारखी दिसतात. 'व्हिग्नेट'ने कोपरे काळोखतात, 'नॉइज'ने जुन्या फिल्मचे दाणे येतात. एकदम सही!

तर, आजीचं वर्षश्राद्ध होतं. घरच्यांना दाखवायला तिच्या पंच्याहत्तरीची क्लिप काढली. म्हटलं, मस्त सेपिया करू. केली. लॅपटॉप भरला होता, म्हणून मूळ फाइल उडवली. रिसायकल बिनसुद्धा साफ.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर. आजी ओवाळून घेतेय, हसतेय. मावशीने डोळे पुसले, माझी कॉलर ताठ. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, तिची जांभळी इरकल कुठे गेली? पहिल्या पेन्शनमधून घेतली होती तिने."

"अगं, इफेक्ट आहे तो. काढून देतो," मी ऐटीत सांगितलं.

रात्री बसलो आणि पोटात गोळाच आला. सेपियाचं गणित असं : प्रत्येक पिक्सेलमधला साधारण 39 टक्के लाल, 77 टक्के हिरवा आणि 19 टक्के निळा एकत्र करून नवा लाल बनतो. नवा हिरवा आणि नवा निळासुद्धा जवळपास त्याच मापाने, फक्त कमी कमी. म्हणजे उरतो तो नुसता उजेड-अंधार, तपकिरी रंगात. इरकल जांभळी होती की हिरवी, हे त्या फाइलला आता माहीतच नाही. उलटा फिल्टर लावणार कशाला?

तीन दिवस सगळ्यांना फोन केले. शेवटी चुलतभावाच्या जुन्या मोबाइलवर मेसेजमधून आलेली कॉपी मिळाली. दाबून छोटी केलेली, आजीचा चेहरा जरा फुटलेला. पण साडी जांभळी!

तेव्हा मंडळी, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, शिवाय एक कॉपी लॅपटॉपबाहेर. त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर एफएफएमपेग 'ओव्हरराइट करू का?' असं विचारतं. 'वाय'चा स्विच लावून त्याचं तोंड बंद करू नका. आणि फिल्टर नुसता बघायचाच असेल, तर सोबत येणारं एफएफप्ले वापरा. ते नवी फाइल न बनवता इफेक्ट दाखवतं.

माझी सेपिया क्लिप अजून आहे. आई मात्र ती फुटकीच लावायला सांगते.